जुरोंगचे पक्षी उद्यान : एक वाचन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना त्यांनी पाहिलेल्या एखाद्या स्थळावर टिपण लिहावयास सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आईवडिलांसह केलेल्या सिंगापूरच्या सहलीवर लिहिले होते. जुरोंगच्या पक्षी उद्यानाविषयीचा परिच्छेद तिने ‘तेथील पक्षी अतिशय आनंदी होते’ या वाक्याने संपवला होता. वाचन झाल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘कशावरून?’ वर्ग हसला, ती गप्प बसली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्पच बसलो. त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर, असे प्रस्तुत लेखाचे स्वरूप आहे.

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत जुरोंगचे नाव अनेक वर्षे ठरलेले असे. त्यामुळे आपल्याकडील सहलीच्या वर्णनांत ते उद्यान पुष्कळ वेळा भेटते. परंतु भेटते ते ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणून. धबधबा केवढा, पोपट किती, खेळ कोणता, एवढे सांगून लेखक पुढे जातो. या स्थळाला एक जन्मकथा आहे आणि आता एक अखेरही आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः एखाद्या संहितेप्रमाणे वाचावे असे हे उद्यान होते.

सिंगापूर 1965 साली स्वतंत्र झाले तेव्हा जुरोंग म्हणजे बेटाच्या पश्चिमेकडील दलदलीचा, खाजणाचा आणि टेकड्यांचा प्रदेश होता. तेथे औद्योगिक वसाहत उभारण्याचे काम 1961 पासूनच सुरू झाले होते. त्यामागे गोह केंग स्वी हे मंत्री होते. आरंभी कारखाने येईनात, तेव्हा लोक या योजनेला ‘गोह यांचा मूर्खपणा’ म्हणू लागले. पुढे कारखाने आले, कामगार आले. पण धूर आणि यंत्रे यांच्या जोडीला माणसांना विसाव्यासाठी काही हवे, हा विचारही गोह यांच्याच मनात आला. 1967 साली जागतिक बँकेच्या वार्षिक सभेसाठी ते रिओ द जानेरोला गेले असताना तेथील प्राणिसंग्रहालयात त्यांनी पक्ष्यांना मोकळेपणाने उडता येईल असा एक प्रचंड पिंजरा पाहिला. जुरोंगच्या उद्यानाचे बीज ते. प्राणिसंग्रहालयाऐवजी पक्षी उद्यानच का, याचे एक मासलेवाईक कारण गोह यांच्या काटकसरीच्या गोष्टींत सांगितले जाते : मांसापेक्षा धान्याचे दाणे स्वस्त पडतात! गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, अर्थमंत्र्याच्या कल्पनेतून उगवलेल्या उद्यानाला ती शोभते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील जॉन यीलंड हे पक्षीतज्ज्ञ आणि जॉन टूवी हे वास्तुरचनाकार यांनी आराखडा केला. 1969 च्या जानेवारीत काम सुरू झाले. जुरोंग टेकडीच्या पश्चिम उतारावरील सुमारे 20 हेक्टर जागेत, सुमारे 35 लाख सिंगापूर डॉलर खर्चून उद्यान तयार झाले आणि 3 जानेवारी 1971 रोजी लोकांसाठी खुले झाले. नवजात, नैसर्गिक संपत्ती नसलेले, ब्रिटिश सैन्य माघारी जाणार या घोषणेने चिंतेत पडलेले एक राष्ट्र कारखान्यांच्या शेजारी पक्ष्यांसाठी टेकडी राखून ठेवते, ही घटना साधी नव्हे. ‘आम्ही केवळ पोटासाठी जगणार नाही’ असे ते विधान होते. अर्थात त्यात ‘आणि पर्यटकही येतील’ हा हिशेबही होताच.

उद्यानाचे मुख्य आकर्षण म्हणजे धबधब्याचा पक्षीमंडप. सुमारे 2 हेक्टर जागेवर उंचच उंच जाळी पसरलेली, तिच्याखाली गर्द झाडी आणि कड्यावरून 30 मीटर खाली कोसळणारे पाणी. हा धबधबा मनुष्यनिर्मित होता, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानी येत नसे. पाहणारा पिंजऱ्याबाहेर उभा न राहता पिंजऱ्यातच शिरत असे, ही या रचनेची खरी नवलाई. दुसरा असाच मंडप लोरी जातीच्या रंगीत पोपटांचा. सुमारे नऊ मजल्यांएवढी उंची, आत झुलते पूल, आणि हातातल्या वाटीतला गोड रस पिण्यासाठी थेट मनगटावर येऊन बसणारे पक्षी.

तथापि उद्यानाचे दुसरे रूपही तेथेच दिसत असे. विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरांच्या आतील त्या दमट बेटावर पेंग्विनांसाठी थंडगार दालन होते. घुबडांसारख्या निशाचर पक्ष्यांसाठी 1982 साली ‘अंधाराचे जग’ उघडले. तेथे दिव्यांच्या साहाय्याने दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस केलेला असे. पाहुणा दुपारी येतो, म्हणून घुबडाची रात्र दुपारी. ‘अमिगो’ नावाचा एक ॲमेझॉन पोपट इंग्रजी, मलय आणि चिनी या तीन भाषांत वाढदिवसाचे गाणे म्हणून टाळ्या मिळवी. आपल्या जुन्या कथांतील राव्याचाच हा वंशज, असे आम्हांला वाटले. राव्याला आपण नेहमी आपलेच बोल शिकवत आलो आणि तो ते बोलला की त्याला शहाणा म्हणत आलो. सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार; त्यांपैकी तमिळ तेवढी अमिगोच्या वाट्याला आली नाही, हेही एक वाचनच.

मग ‘कशावरून?’ हा प्रश्न अधिकच टोचू लागतो. जाळी कितीही उंच नेली तरी ती जाळीच. हे उद्यान म्हणजे केवळ सुंदर कैद, असे म्हणून लेख संपवता आला असता. आपल्या काव्यपरंपरेतील पिंजऱ्याची प्रतिमा आपल्याला त्याच निष्कर्षाकडे ढकलते. परंतु धनेशाने आम्हांला थांबवले.

धनेशाचा संसार विलक्षण असतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते. पिले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला अन्न भरवीत राहतो. साहजिकच मोठी, जुनी झाडे गेली की धनेशही जातो. सिंगापुरातून कवड्या धनेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला. 1994 साली पुलाऊ उबिन या लगतच्या बेटावर एक जोडी पुन्हा दिसली. पक्षी परतले, पण घरटे करायला पुरेशा ढोल्या नव्हत्या. 2000 नंतरच्या दशकात संशोधक, तेथील शासकीय उद्यान विभाग आणि जुरोंगचे पक्षी उद्यान यांनी मिळून झाडांवर कृत्रिम ढोल्या बसवल्या, त्यांत कॅमेरे लावून लिंपण्यापासून पिले बाहेर पडेपर्यंतचा क्रम टिपला. बंदिस्त धनेशांना वर्षानुवर्षे वाढवून मिळालेले ज्ञान येथे मोकळ्या धनेशांच्या उपयोगी पडले. आज त्या शहरातील वस्त्यांजवळही हा पक्षी दिसतो. त्याच्यावर जाळी नाही.

2018 साली याच उद्यानातील ‘जॅरी’ नावाच्या महाधनेशाच्या चोचीवरील शिरस्त्राणाला कर्करोग झाला. वैद्यांनी रोगट भाग काढून त्या जागी त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेले कृत्रिम शिरस्त्राण बसवले. धनेश शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील पिवळा स्राव चोचीवर घासून ती रंगवतो. काही दिवसांनी जॅरी नव्या शिरस्त्राणालाही तो रंग लावू लागला. त्याने ते आपले मानले, असा अर्थ त्याची निगा राखणाऱ्यांनी काढला.

जॅरीची हकीकत वाचताना आम्हांला मुंबईचा ‘विल्यम’ आठवला. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे, तो या विल्यमवरून. कारवारकडून आलेला हा पक्षी 1894 ते 1920 पर्यंत संस्थेच्या कार्यालयात राहिला. 1908 साली एक मुलगा आपण मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी ओळखून घेण्यासाठी त्याच संस्थेच्या दारात आला आणि पक्ष्यांच्याच जगात राहिला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पक्ष्यांविषयीची आपली जवळीक ही अशी बंदुकीतून आणि पिंजऱ्यातून आलेली आहे, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. प्रश्न उरतो तो त्या ऋणाच्या परतफेडीचा.

जुरोंगचे उद्यान 3 जानेवारी 2023 रोजी, बरोबर 52 वर्षांनी, बंद झाले. त्याचे पक्षी बेटाच्या उत्तरेकडील मंडाई येथे हलवण्यात आले आणि त्याच वर्षी 8 मे रोजी ‘बर्ड पॅराडाइज’ हे नवे उद्यान उघडले. सुमारे 17 हेक्टरांत 400 हून अधिक जातींचे सुमारे 3,500 पक्षी तेथे आले. नव्या उद्यानात माणसाने आत शिरावे असे मोठे मंडप आठ आहेत. रिओत पाहिलेली ती एक कल्पना अर्ध्या शतकात अशी विस्तारली. शेवटच्या दिवसांत जुन्या जागेचा निरोप घ्यायला आलेल्यांत लहानपणी तेथे सहलीला गेलेले, आता स्वतःच्या मुलांचा हात धरून आलेले लोक होते. अर्थमंत्र्याच्या हिशेबात हे धरलेले नसावे. दाण्यांचा खर्च वहीत मांडता येतो, आठवणींचा येत नाही.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या वाक्याचे काय? ‘पक्षी आनंदी होते’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नव्हता आणि ‘दुःखी होते’ असे म्हणण्याचा आम्हांलाही नाही. ती आनंदी होती, एवढेच तिने लिहायला हवे होते. ते खरे ठरले असते आणि पुरेसेही. मात्र तो आनंद कोणत्या जाळीखाली, कोणाच्या रात्रीचा दिवस करून आपल्याला मिळाला, हे त्यापुढच्या वाक्यात यायला हवे. आमच्या वर्गात आता प्रवासवर्णनाच्या टिपणात ते पुढचे वाक्य आम्ही मागतो. मागच्या बाकावरचा तो प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारायला हवा होता, हे येथे मान्य करून थांबतो.