तपकिरी कागद आणि कुजलेले खिळे

परवा अलिबागच्या घरी कपडे वाळत घालायच्या स्टँडचे गंजलेले बोल्ट बदलायला घेतले. दुकानदाराने विजेने झिंक चढवलेले, चकचकीत बोल्ट पुढे केले. आणि मला आठवली एच.एम.एस. अलार्म.

तर मंडळी, १७६१ साली ब्रिटिश नौदलाने या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा मारला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर उपाय म्हणून. खिळे मात्र लोखंडाचे. १७६३ मध्ये तपासलं तर खिळे कुजलेले, पत्रा जागोजागी निखळलेला. गंमत म्हणजे काही खिळे बऱ्यापैकी शाबूत होते. का? पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता, तो काढायचाच राहिला होता! तांबं आणि लोखंड यांच्या मध्ये तो कागद आला.

खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की बॅटरीच ती, एक झिजतो आणि दुसरा वाचतो. पण व्होल्टाची बॅटरी यायला १८०० साल उजाडलं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याला झिंक जोडून तांबं वाचवलं. (इतकं वाचवलं की ते विरघळेना, मग तळाला समुद्री जीव चिकटायला लागले. बिचारा!) १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने वितळलेल्या झिंकमध्ये लोखंड बुडवायचं पेटंट घेतलं.

विजेने चढवलेला थर साधारण ५ ते १० मायक्रॉन, बुडवलेला ४०-५० च्या घरात. थर जाड तितकी वर्षं जास्त. मी करडे, खरबरीत, बुडवलेलेच घेतले, नटांसकट. जाड थरावर साधा नट चढत नाही ना!

जुने वॉशर पितळेचे निघाले. म्हणजे पुन्हा तांबंच की! तेही काढून टाकले.