संगणक प्रणालीतील सुरक्षा-दोष व त्यांची दुरुस्ती : एक ऐतिहासिक आढावा (१९८८ ते २०२२)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना नव्या शोधांना स्थान मिळते. दुरुस्तीला ते सहसा मिळत नाही. धरण कोणी व केव्हा बांधले याची नोंद राहते, मात्र त्याची गळती कोणी थांबवली याची नोंद राहतेच असे नाही. संगणकाच्या इतिहासातही हेच घडले आहे. प्रस्तुत लेखात कार्यप्रणालीच्या लायब्ररीमध्ये व तिच्या इतर मूलभूत भागांत आढळलेले सुरक्षा-दोष, त्यांवर काढण्यात आलेल्या दुरुस्त्या आणि या दुरुस्त्या प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत पोहोचण्यास लागलेला काळ यांचा आढावा घेतला आहे. हा विषय वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील केडगावसारख्या उपनगरातील पतसंस्था, बाजार समितीतील आडत दुकान किंवा शाळेची संगणक प्रयोगशाळा या सर्वांचा त्याच्याशी थेट संबंध येतो. दोष परदेशात निर्माण होतो, दुरुस्तीही परदेशात तयार होते, पण ती बसवायची की नाही हे येथील माणसाला ठरवावे लागते.

लायब्ररी आणि पॅच : संकल्पना

कार्यप्रणालीतील लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक कार्यांचा संग्रह होय. फाइलचा मार्ग वाचणे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधणे, मजकूर स्मृतीत साठवणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे करीत नाही, तो लायब्ररीला करावयास सांगतो. त्यामुळे लायब्ररीत एक चूक राहिली की तिच्यावर विसंबणारे सर्व प्रोग्रॅम एकाच वेळी दुबळे होतात. याची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. चूक एका ठिकाणी असल्याने दुरुस्तीही एकाच ठिकाणी करता येते.

या दुरुस्तीस 'पॅच' म्हणजे ठिगळ असे नाव पडले. प्रारंभीच्या काळात प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि चुकीच्या छिद्रांवर कागदाचा तुकडा चिकटवून ती बुजवली जात. आज हे काम संगणक-जाळ्यातून होते, तरीही एक अडचण कायम आहे. लायब्ररीची फाइल बदलली तरी चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतील जुनी प्रत वापरत राहतो. प्रोग्रॅम किंवा संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. ज्या संस्थेला व्यवहार थांबवणे परवडत नाही, तेथे पॅच उतरवूनही दोष शिल्लक राहू शकतो.

पहिला धडा : १९८८

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील इंटरनेटवर 'मॉरिस वर्म' पसरला. बाधित यंत्रांची संख्या सुमारे ६,००० असावी असा तत्कालीन अंदाज होता. त्याच्या प्रवेशमार्गांपैकी एक सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील 'गेट्स' या कार्याशी संबंधित होता. हे कार्य मजकूर वाचताना त्याची लांबी तपासत नाही. राखून ठेवलेल्या जागेपेक्षा मोठा मजकूर आला की तो शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो आणि त्यातून हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा घुसवता येतात. बर्कली विद्यापीठातील तज्ज्ञांनी संबंधित प्रोग्रॅममध्ये लांबीची मर्यादा पाळणारे 'एफगेट्स' हे कार्य वापरून दोष दूर केला. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींसाठी पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले.

विशेष म्हणजे 'गेट्स' हे कार्य सी भाषेच्या अधिकृत प्रमाणातून वगळले गेले ते २०११ साली, म्हणजे २३ वर्षांनंतर. एका प्रोग्रॅममधील दोष काही दिवसांत दूर झाला, पण दोषाचे मूळ असलेले साधन दोन दशकांहून अधिक काळ वापरात राहिले.

दुरुस्ती उपलब्ध, तरीही नुकसान : २००३ ते २००९

२००३ च्या जानेवारीत 'स्लॅमर' पसरला, तेव्हा त्यावरील पॅच प्रसिद्ध होऊन सहा महिने झाले होते. त्याच वर्षी ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' पसरला. त्यावरील पॅच १६ जुलैला प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच प्रसिद्ध करण्याची पद्धत सुरू केली. २३ ऑक्टोबर २००८ रोजी विंडोजच्या 'नेटएपीआय३२' या लायब्ररीतील दोषावर कंपनीने नियमित दिवसाची वाट न पाहता तातडीचा पॅच दिला. फाइलच्या मार्गाचे प्रमाणीकरण करताना ही लायब्ररी स्मृतीची मर्यादा ओलांडत असे. पॅच येऊन महिना होतो न होतो तोच 'कॉन्फिकर' पसरू लागला आणि त्याने जगभरातील लाखो यंत्रे बाधित केली. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या पेन ड्राइव्हमधूनही पसरत.

हा काळ महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेच्या प्रसाराचा होता. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांत व शहरांच्या उपनगरांत प्रशिक्षण केंद्रे उघडली. तत्कालीन परिस्थितीत मंद इंटरनेट जोडणी, एकाच पेन ड्राइव्हची अनेक यंत्रांवर ने-आण आणि विनापरवाना प्रती या बाबी सर्वत्र आढळत. विनापरवाना प्रतींनाही महत्त्वाचे सुरक्षा-पॅच स्वयंचलित पद्धतीने मिळू शकत असत. परंतु प्रत उघड होईल या भीतीने अनेक जण ही सोय बंदच ठेवीत. या काळात पॅच न बसण्यामागे तांत्रिक अज्ञानाइतकीच आर्थिक कारणेही होती.

विषाणू-प्रतिबंधक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र महाराष्ट्राने स्वतःची वाट शोधली. पुण्यात संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर या बंधूंनी 'क्विक हील' उभी केली. तरी विषाणू-प्रतिबंधक आणि पॅच यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. पहिला आत आलेला चोर ओळखतो, तर दुसरा भिंतीतील भगदाड बुजवतो.

नोंद न झालेली दुरुस्ती : 'घोस्ट'

मुक्त सॉफ्टवेअरही या प्रश्नातून सुटले नाही. लिनक्स प्रणालीच्या मुळाशी असलेल्या 'ग्नू सी लायब्ररी'मध्ये २००० सालापासून एक दोष होता. संकेतस्थळाच्या नावावरून क्रमांक शोधणाऱ्या कार्यातील हा दोष २१ मे २०१३ रोजी दुरुस्त झाला. परंतु ती सुरक्षेची दुरुस्ती आहे अशी नोंद त्या वेळी झाली नाही. त्यामुळे दीर्घकाळ वापरासाठी असलेल्या अनेक लिनक्स वितरणांनी ती उचललीच नाही. २७ जानेवारी २०१५ रोजी 'क्वालिस' या संस्थेने हा दोष 'घोस्ट' या नावाने जाहीर केल्यावर सर्वांना जाग आली. दुरुस्ती करणे जितके आवश्यक, तितकेच ती कशासाठी केली हे लिहून ठेवणे आवश्यक, हे या उदाहरणातून दिसते.

न्हावाशेवा : जून २०१७

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या व्यवस्थेतील दोषावर पॅच दिला. हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ज्ञात होता; त्यावरील हल्ल्याचे साधन १४ एप्रिलला चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी, म्हणजे पॅचनंतर ५९ दिवसांनी, 'वॉनाक्राय' पसरला. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती आणि त्यांच्यासाठी पॅच उपलब्ध होता. ८ एप्रिल २०१४ रोजी ज्याचा आधार संपला होता त्या विंडोज एक्सपीसाठीही कंपनीने अपवाद म्हणून पॅच दिला.

२७ जून रोजी, म्हणजे १०५ दिवसांनी, 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जागतिक जाळ्यात पसरला. या समूहाकडून चालवले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदरातील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' त्यामुळे ठप्प झाले. कंटेनरची आवक-जावक खोळंबली आणि अडकलेल्या वाहनांसाठी बंदर प्रशासनाला जागेची सोय करावी लागली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले.

नगर-नाशिक पट्ट्यातील कांदा व द्राक्षे याच बंदरातून परदेशी जातात. केडगावजवळील नेप्ती उपबाजारात गोणी उतरवणाऱ्या शेतकऱ्याचा विंडोजच्या एका पॅचशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. नाशवंत मालाच्या बाबतीत बंदरावरील प्रत्येक दिवसाच्या विलंबाला किंमत असते.

या घटनेचा आणखी एक अर्थ आहे. 'नॉटपेट्या' एका यंत्रावरील परवलीचे शब्द चोरून पॅच बसवलेल्या यंत्रांतही शिरत असे. शिवाय तो अद्ययावतीकरणाच्याच मार्गाने आला. म्हणून पॅच आवश्यक असला तरी पुरेसा नाही, आणि तो कोठून येतो यावरील विश्वासही तपासावा लागतो.

सहकारी संस्था आणि जबाबदारीचा प्रश्न

भारतात 'सर्ट-इन' ही संस्था जानेवारी २००४ मध्ये कार्यरत झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने तिला वैधानिक स्थान मिळाले. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना एटीएममधील कालबाह्य प्रणाली टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली. पॅच व्यवस्थापन हा तिचा एक भाग आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत 'सर्ट-इन'ला देणे बंधनकारक झाले.

ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथे या तरतुदींना विशेष महत्त्व आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर सामायिक सॉफ्टवेअर वापरण्याचे ठरले. लायब्ररीविषयी जे सांगितले तेच येथे लागू होते. सामायिक सॉफ्टवेअरमधील एक दोष सर्व संस्थांना बाधतो आणि एक दुरुस्ती सर्वांना तारू शकते. मात्र त्याखालील कार्यप्रणाली प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर असते. एका सचिवाच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थेत ती अद्ययावत कोणी ठेवायची, हे कामाच्या विभागणीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

निष्कर्ष

१) आढावा घेतलेल्या घटनांत मोठे नुकसान बहुधा दोष अज्ञात असताना झाले नाही, तर दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर ती बसवली जाईपर्यंतच्या काळात झाले.

२) हा काळ केवळ तंत्रज्ञानाने ठरत नाही. परवान्याचा खर्च, जोडणीचा वेग, काम थांबवण्याची तयारी आणि जबाबदारीची वाटणी यांवर तो अवलंबून असतो.

३) दुरुस्तीचे कारण नोंदवले नाही तर ती झाली असूनही निरुपयोगी ठरू शकते.

४) सहकारी व शैक्षणिक संस्थांनी हिशेब-तपासणीप्रमाणेच पॅचची नोंदवही ठेवावी. पॅच प्रसिद्ध झाल्याचा दिनांक, बसवल्याचा दिनांक, यंत्र पुन्हा सुरू केल्याचा दिनांक आणि जबाबदार व्यक्तीची सही एवढे चार रकाने तीत पुरेसे आहेत. वार्षिक सभेपुढे ताळेबंद मांडताना ही वहीही मांडली, तर सभासदांना आपल्या ठेवींच्या सुरक्षेविषयी प्रश्न विचारता येतील.