ऑटोमॅटिक मोटारीतील 'स्पोर्ट मोड' आणि धाराशिव जिल्ह्यातील दैनंदिन रस्ते : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठवाड्यातील रस्त्यांच्या इतिहासाचा विचार सामान्यतः लष्करी हालचाली, व्यापार आणि तीर्थयात्रा या अंगांनी केला जातो. त्या रस्त्यांवरील वेग कोणी ठरविला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 2014 नंतर ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. त्यांपैकी अनेकींच्या गिअर लिव्हरवर 'डी'च्या शेजारी 'एस' हे अक्षरही असते. हे 'एस' म्हणजे 'स्पोर्ट'. 'मोड'ला 'अवस्था' किंवा 'पद्धती' असे प्रतिशब्द सुचविता येतील. परंतु शोरूममध्ये किंवा घरात ते कोणी वापरत नाही, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे. शर्यतीच्या मैदानातून आलेली ही सोय धाराशिव (2023 पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या रोजच्या रस्त्यांवर कितपत उपयोगी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शर्यतीतून बाजारात :

गिअर आपोआप बदलणारी मोटार ही मुळात आरामाची कल्पना होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1939 मध्ये 1940 च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलसाठी 'हायड्रामॅटिक' ही यंत्रणा आणली, तेव्हा क्लचच्या कटकटीतून सुटका हेच तिचे आकर्षण होते. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि 1980 च्या दशकात काही युरोपीय मोटारींत 'इकॉनॉमी' व 'स्पोर्ट' यांतून निवड करण्याची कळ बसविण्यात आली. एकाच यंत्राला दोन स्वभाव देता येतात, ही कल्पना तेथून रुजली.

दुसरा प्रवाह शर्यतीचा. 1989 मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन स्पर्धेत स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गिअर बदलणारी मोटार उतरविली आणि त्या वर्षीची ब्राझीलमधील शर्यत नायजेल मॅन्सेलने तिच्यातून जिंकली. या यंत्रणेत क्लच व गिअर हलविण्याचे काम विद्युत् संदेशांवर चालणाऱ्या द्रवदाब यंत्राकडे होते. तिच्या विकासात सहभागी असलेल्या मॅग्नेती मरेल्ली या इटालियन कंपनीने पुढे रस्त्यावरील मोटारींसाठीही तशाच यंत्रणा तयार केल्या. फेब्रुवारी 2014 मध्ये मारुती सुझुकीने 'सेलेरिओ' ही मोटार भारतात आणली, तेव्हा तिच्यातील 'एएमटी' गिअर यंत्रणाही याच कंपनीची होती. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवरच ही यंत्रणा बसत असल्याने ऑटोमॅटिक मोटार स्वस्त झाली. शर्यतीत सेकंदाचा अंश वाचविण्यासाठी निघालेले तंत्र येथे गर्दीत दुखणाऱ्या डाव्या पायाच्या सुटकेसाठी विकले गेले, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील गमतीची घटना म्हणावी लागेल. 2015 मध्ये टाटांच्या 'नॅनो'लाही एएमटीसह स्पोर्ट मोड मिळाला. देशातील सर्वांत स्वस्त मोटार म्हणून जिची ओळख, तिच्यावरही 'एस' हे अक्षर असावे, यातून बाजाराला वेगाच्या प्रतिमेची किती ओढ होती हे दिसून येते.

याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. 'एस' निवडल्याने इंजिनाची कमाल शक्ती सहसा वाढत नाही. वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर पडतो, आणि बऱ्याच मोटारींत ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी इंजिन अधिक तत्परतेने प्रतिसाद देते. इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते, आवाज वाढतो आणि इंधनही अधिक लागते. चालकाला शक्ती वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात असलेली शक्ती थोडी लवकर हाती आलेली असते.

जिल्ह्यातील गतीचा इतिहास :

हा जिल्हा शतकानुशतके मार्गावरचा आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला उभा आहे आणि ती वाट आज राष्ट्रीय महामार्ग 65 म्हणून ओळखली जाते. या वाटेवरची गती बैलगाडीची होती. लोखंडी धावेचे चाक, पावसाळ्यात चिकटून बसणारी काळी माती आणि बैलांचा दम यांनी मुक्कामांमधले अंतर ठरविले.

यंत्राची गती जिल्ह्यात आली तीही सावकाशच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने उभारलेली अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आणि पुढे येडशीमार्गे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. बालाघाटाच्या डोंगरात रामलिंगच्या परिसरातून ही गाडी हळूहळू वळणे घेत जाई. धाराशिव शहर मात्र या मार्गावर नव्हते. ते लोहमार्गाशी जोडले गेले या शतकाच्या पहिल्या दशकात, ब्रॉडगेज रूपांतराच्या वेळी. त्यामुळे विसाव्या शतकात जिल्ह्याच्या मुख्यालयाचा प्रवास मुख्यतः रस्त्याचाच राहिला. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. संस्थान विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे एस.टी.ची लाल गाडी हीच गावोगावची घड्याळाची खूण ठरली.

या सर्व काळात एक गोष्ट कायम राहिली. नवे वाहन आले म्हणून जुने रस्त्यावरून हटले नाही. बैलगाडीच्या रस्त्यावर बस आली, बसच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, आणि पायी चालणारा तर सर्वांच्या आधीपासून होता. युरोपात विसाव्या शतकात वेगवान वाहनांसाठी स्वतंत्र मार्ग बांधले गेले. येथे एकाच पट्ट्यावर सर्व शतके एकत्र चालतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी-बीड हा पूर्वीचा 211 आणि आताचा 52 क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाल्यावर हे चित्र काही अंशी बदलले, परंतु दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडणारा शेतकरी, शेळ्या घेऊन जाणारी बाई आणि उलट दिशेने येणारी दुचाकी येथेही असतात.

रोजच्या रस्त्यावरील 'एस' :

या पार्श्वभूमीवर स्पोर्ट मोडचा खरा उपयोग कोठे आहे ? सोलापूरहून येताना तुळजापूरच्या अलीकडे रस्ता बालाघाटाचा चढ चढतो. माणसे व सामान यांनी भरलेली लहान इंजिनाची एएमटी मोटार 'डी'मध्ये असेल, तर इंधन वाचविण्यासाठी ती वरचा गिअर घेते, चढावर तिचा दम सुटतो, मग खालचा गिअर पडतो आणि मोटारीला हिसका बसतो. वळणाच्या तोंडी असा हिसका त्रासदायकच. अशा ठिकाणी 'एस' खालचा गिअर धरून ठेवतो व मोटार एकसारखी चढते. उतरतानाही खालच्या गिअरमुळे इंजिनाचा अटकाव मिळतो आणि ब्रेक कमी तापतात. मात्र त्यासाठी गिअर हाताने निवडण्याची सोय अधिक भरवशाची होय. म्हणजे 'स्पोर्ट' नावाच्या या सोयीचे जिल्ह्यातील सर्वांत योग्य काम वेगाचे नसून घाटातील ओझे वाहण्याचे आहे. जुन्या काळी घाटात गाडीला जादा बैलजोडी जुंपत, तिच्याशी या 'एस'चे नाते शर्यतीपेक्षा जवळचे आहे.

दुसरा प्रसंग ओव्हरटेकचा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दुपदरी रस्त्यावर पुढे असतात. उसाचा भार ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा नसणे हे नवे नाही. समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसत असेल, तर 'एस'मुळे विरुद्ध बाजूला राहण्याचा काळ कमी होतो हे खरे. पण 'डी'मध्येही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पडतोच. धोका निर्माण होतो तो मोटारीच्या तत्परतेवर विसंबून अपुऱ्या जागेत घुसण्याने. संध्याकाळी दिवा नसलेल्या ट्रॉलीमागे 'एस'मधील मोटार असणे ही त्या ट्रॅक्टरवाल्यासाठीही जोखीमच आहे, आणि त्याने ती निवडलेली नसते.

गावातून जाताना तर 'एस' निव्वळ निरर्थक ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. अनेक गावांत हे माप पाळलेले नसते. एखादा अपघात झाला की रातोरात मुरूम-डांबराचा उंचवटा उभा राहतो. अभियंत्यांना तो चुकीचा वाटतो आणि मापाच्या दृष्टीने तो चुकीचा आहेही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो दस्तऐवज म्हणूनही वाचावयास हवा. ज्यांच्या दारावरून वेग गेला त्यांनी वेगाविषयी लिहून ठेवलेले मत त्यात आहे. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 112 वेगमर्यादेविषयी बोलते. मोटार कोणत्या मोडमध्ये होती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गावाने घातलेल्या उंचवट्यालाही नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आश्विनात पाहावयास मिळते. घटस्थापनेच्या आधी तुळजापुरातून भवानी ज्योत घेऊन तरुण आपापल्या गावाकडे धावत निघतात. पेटती मशाल हातात, पाठीमागे एखादा टेम्पो, आणि त्यांच्या मागे वाहनांची रांग त्यांच्याच गतीने चालते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूर व कर्नाटकाकडून भाविकांचे लोंढे पायी तुळजापूरकडे येतात आणि प्रशासन सोलापूर-तुळजापूर मार्ग मोटारींना बंद करून वाहतूक दुसरीकडे वळविते. ज्या घाटात इतर दिवशी 'एस'ची गरज भासते, त्याच घाटात त्या रात्री अनवाणी पावले रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून चढत असतात.