वांगणीतील विद्यार्थ्यांचा शिक्षण निधी : पैसा हजेरीपटावर, मूल वीटभट्टीवर

गरीब कुटुंबातील मुलाचे शालेय शिक्षण शासनाने कोणत्या खात्यातून, कोणत्या दराने व कोणत्या अटींवर करावयाचे, याचे उत्तर कागदोपत्री सविस्तर उपलब्ध आहे. शुल्क नाही, पाठ्यपुस्तके मोफत, गणवेश मोफत, दुपारचे भोजन शाळेत आणि वर शिष्यवृत्ती. असे असतानाही जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांतील अनेक मुलांचे शिक्षण दिवाळीनंतर खंडित होते. याचे कारण निधीच्या रकमेत जितके आहे, तितकेच त्याच्या वाटपाच्या पद्धतीत आहे. निधी शाळेच्या हजेरीपटावर अवलंबून असतो. अत्यंत गरीब घरातील मूल मात्र पालकांबरोबर कामाच्या शोधात गाव सोडते.

वांगणीची ओळख

येथे उल्लेखिलेले वांगणी हे मध्य रेल्वेच्या बदलापूर ते कर्जत मार्गावरील स्थानकाचे गाव नव्हे. जव्हार तालुक्यातील हे आदिवासी गाव शेजारच्या वावर गावासह ‘वावर-वांगणी’ या जोडनावाने राज्यभर परिचित झाले, ते १९९२-९३ मधील बालमृत्यूंमुळे. कुपोषणामुळे ओढवलेल्या त्या मृत्यूंनी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील दुर्गम भागाचे दारिद्र्य राज्यासमोर आणले. त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी क्षेत्रात आरोग्य, पोषण, धान्यपुरवठा व रोजगार यांची सांगड घालणारी नवसंजीवन योजना सुरू झाली.

त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले होते. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या येथील प्रमुख जमाती. डोंगरउतारावर नागली, वरई व भात ही पावसाळी पिके निघतात. ती हाती आली की शेतीचे काम संपते.

निधीच्या तीन वाटा

वांगणीसारख्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत सरकारी पैसा प्रामुख्याने तीन वाटांनी येतो.

पहिली वाट जिल्हा परिषदेच्या शाळेची. शिक्षकांचे वेतन राज्याचा शालेय शिक्षण विभाग देतो. त्याखेरीज २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक प्रशिक्षण यांचे एकत्रीकरण करून आखलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून निधी येतो. त्याचा भार केंद्र व राज्य अनुक्रमे ६० व ४० टक्के या प्रमाणात उचलतात. या योजनेतील वार्षिक शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार, एकतीस ते शंभर पटाला २५ हजार, तर त्यापुढे अडीचशेपर्यंत ५० हजार रुपये अशी त्याची श्रेणी आखण्यात आली. पाड्यांवरील शाळांचा पट लहान असतो आणि त्यांचे अनुदानही त्याच मापाचे असते.

दुसरी वाट आदिवासी विकास विभागाची. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून आदिवासी उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात स्वतंत्रपणे या विभागाच्या हाती देण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. अन्य राज्यांनीही पुढे या पद्धतीची दखल घेतली. या निधीचे स्थानिक नियोजन व अंमलबजावणी जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे.

तिसरी वाट ग्रामसभेची. राज्य शासनाने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. पायाभूत सुविधा, वनहक्क, वनसंवर्धन यांच्याबरोबरच आरोग्य, स्वच्छता व शिक्षण या बाबींवर तो खर्च करता येतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. ही वाट सर्वांत कमी परिचित, पण गावाच्या सर्वांत जवळची आहे.

विद्यार्थ्याच्या वाट्याला काय?

विद्यार्थ्याला मिळणारे लाभ बहुतांशी वस्तुरूप व काही प्रमाणात रोख आहेत. पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. दोन गणवेशांसाठी प्रतिवर्षी सहाशे रुपयांची तरतूद असते. पूर्वी ती सर्व मुली व अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांच्यापुरती होती. २०२३-२४ पासून राज्याने उर्वरित मुलांनाही ती लागू केली.

माध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात उपस्थितीनुसार दरमहा तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ मधील आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाची पद्धत आली. प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्याला शंभर ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला दीडशे ग्रॅम धान्य असे प्रमाण आहे. धान्याव्यतिरिक्त डाळ, भाजी, तेल व इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्रतिदिन अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे व १० रुपये १७ पैसे असा दर लागू झाला.

रोख मदतीत सुवर्ण महोत्सवी आदिवासी पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती महत्त्वाची आहे. राज्य स्थापनेच्या पन्नासाव्या वर्षी, २०१० मध्ये, ती सुरू झाली. तीत पहिली ते चौथीसाठी वार्षिक एक हजार, पाचवी ते सातवीसाठी दीड हजार आणि आठवी ते दहावीसाठी दोन हजार रुपये ठरविण्यात आले. नववी व दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही आहे. त्यासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली.

या यादीतील सर्वांत बोलकी रक्कम मुलींच्या उपस्थिती भत्त्याची होय. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींची गळती रोखण्यासाठी १९९२ मध्ये तो सुरू झाला. दर होता हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया. वर्षाला कमाल २२० रुपये. वावर-वांगणीचे बालमृत्यू ज्या काळात उजेडात आले, त्याच काळातील हा दर तीन दशके उलटली तरी एक रुपयाच राहिला. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबणाऱ्या मुलीच्या आईला रोजंदारीचा एक दिवस बुडविणे परवडत नाही; तेथे एका रुपयाचे आमिष अपुरे पडणे स्वाभाविक आहे.

आश्रमशाळेचा पर्याय

१९७२-७३ पासून विस्तारलेल्या शासकीय आश्रमशाळांचे तत्त्व वेगळे आहे. तेथे निवास, भोजन, गणवेश व शिक्षण यांचा पूर्ण खर्च शासन उचलते. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. पालक गावाबाहेर असले तरी मुलाचे शिक्षण सुरू राहते, हा त्यांचा मोठा लाभ. मात्र लहान वयात घरापासून तुटणे, आरोग्यसेवेची वानवा आणि निवासाच्या अपुऱ्या सोयी या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा प्रश्न गंभीर बनल्यावर डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये त्याचा आढावा घेऊन आरोग्य व्यवस्थेत सुधारणा सुचविल्या होत्या.

आदिवासी विद्यार्थ्यांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठविण्याची योजना २०१० च्या सुमारास आली. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांसाठी २०१८ च्या धोरणात प्रति विद्यार्थी वार्षिक १ लाख ९ हजार रुपये आवर्ती खर्च धरण्यात आला. निवड परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या मुलांसाठी लाखाचा आकडा आणि पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हजाराची शिष्यवृत्ती ही तुलना सर्वस्वी सारखी नाही, कारण एका रकमेत निवास व भोजन आहे. तथापि शासन एका मुलासाठी किती खर्च करू शकते, हे त्यातून दिसते.

पंचवीस टक्क्यांचा लाभ कोणाला?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवावयाच्या असतात आणि शुल्काची प्रतिपूर्ती शासन करते. महाराष्ट्रात हा दर प्रति विद्यार्थी वार्षिक १७ हजार ६७० रुपये होता. करोनाकाळात तो काही काळ आठ हजारांवर आणण्यात आला. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या बंधनातून सूट देणारा फेब्रुवारी २०२४ मधील नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलै रोजी रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

हा लढा शहरांसाठी महत्त्वाचा होता. परंतु जेथे जवळपास खासगी शाळाच नाही, तेथे या तरतुदीचा उपयोग कसा व्हावा? दुर्गम पाड्यांवरील मुलांसाठी जिल्हा परिषदेची शाळा हाच ‘शेजारची शाळा’ या संकल्पनेचा एकमेव अर्थ आहे. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून विद्यार्थ्यांचे अन्यत्र समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा डोंगराळ भागांतून त्याला विरोध झाला. नकाशावर जवळ दिसणारी शाळा पावसाळ्यात ओढ्यापलीकडे असते.

स्थलांतर : निधी तेथेच, मूल अन्यत्र

खरा पेच दिवाळीनंतर सुरू होतो. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा, कल्याण परिसरातील वीटभट्ट्या, रेतीची कामे व बांधकामे यांवर जातात. अनेकांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतणे कठीण. मुले बरोबर जातात, कारण गावात त्यांना सांभाळणारे कोणी नसते.

मूल गेले की पोषण आहार थांबतो. पुस्तके घरी राहतात. उपस्थितीवर आधारलेला लाभ घटतो. कुटुंबाचे दारिद्र्य जितके अधिक, तितका मुक्काम लांबतो आणि तितका शासकीय मदतीचा हिस्सा कमी होतो. गरजेच्या नेमक्या उलट दिशेने लाभ वाहू लागतो, तो असा.

कायद्याला हे अभिप्रेत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार विद्यार्थ्याला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९ तर स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. म्हणजे जव्हारहून भिवंडीला गेलेल्या मुलाची जबाबदारी भिवंडीच्या यंत्रणेवरही येते. वीटभट्ट्या मात्र गावठाणापासून दूर असतात आणि कुटुंबे काही महिन्यांत हलतात. त्यामुळे हे मूल दोन्ही शाळांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहते.

शाळा मुलाकडे

याच जिल्ह्याच्या इतिहासात त्यावर उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी ‘कुरणशाळा’ काढून शाळाच कुरणात नेली. धाकट्या भावंडांमुळे थोरली बहीण अडकते, हे ओळखून त्यांनी ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. पुढे १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भट्टीवर उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव आले.

शासनानेही हंगामी वसतिगृहांची योजना राबविली. तीत पालक स्थलांतरित झाल्यावर मुले गावातच आजी-आजोबा वा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय गावात केली जाते. ही योजना स्थलांतरापूर्वी सुरू झाली तरच उपयोगी पडते. मंजुरी व निधी डिसेंबरात पोहोचला, तर मुले तोवर भट्टीवर पोहोचलेली असतात.

पालकांच्या हातातील साधने

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. कलम २२ नुसार समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच अनुदानाचा आधार मानला जातो. याचा अर्थ गाव सोडणार असलेल्या कुटुंबांची यादी पावसाळ्यातच करून हंगामी वसतिगृहाची मागणी आराखड्यात नोंदविणे, ग्रामसभेच्या पाच टक्के निधीतील शिक्षणाचा वाटा त्यासाठी सुचविणे आणि जाणाऱ्या मुलांना दाखला किंवा शिक्षणाची नोंद हाती देणे, ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. त्यांना मुदतीत मंजुरी देणे हे पंचायत समिती व प्रकल्प कार्यालयाचे काम आहे.

शिक्षणाच्या निधीचा विचार पोषण व रोजगारापासून वेगळा करता येत नाही, हा धडा वावर-वांगणीने तीन दशकांपूर्वी दिला. हिवाळ्यात गावातच काम मिळाले तर कुटुंब थांबते आणि कुटुंब थांबले तर मूल शाळेत राहते. तोपर्यंत निधीची मोजणी जूनच्या पटावर न थांबता जानेवारीत मूल कोठे आहे, हेही विचारणारी असावी लागेल. हजेरीपटावर नाव आहे आणि बाकावर मूल नाही, अशा शाळेत खर्च झालेला रुपया हिशेबात बसतो. मुलापर्यंत तो पोहोचत नाही.