वाऱ्याची विशेषणे

एका कप्तानाला जो वारा ‘जोराचा’ वाटे, तोच दुसऱ्याला ‘बरा’ वाटे. जुन्या इंग्रजी जहाजांच्या नोंदवह्यांत हा घोळ नेहमीचाच होता.

ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी जानेवारी १८०६ मध्ये ‘वूलिच’ जहाजावर असताना आपल्या खासगी वहीत वाऱ्याच्या पायऱ्या लिहून काढल्या. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी अशी मोजपट्टी आधीच सुचवली होती. शब्दही खलाशांच्या तोंडचेच: लाइट, जेंटल, मॉडरेट, फ्रेश, स्ट्राँग. ब्यूफोर्ट यांनी पुढे या विशेषणांना शिडांचा पुरावा जोडला. अमुक वाऱ्यात युद्धनौका किती शिडे उभारू शकते, त्यावर शब्द ठरू लागला. शून्य म्हणजे निवांत. बारा म्हणजे एकही शीड टिकणार नाही असे तुफान.

१८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या ‘बीगल’वर ही मोजपट्टी वापरली गेली. १८३८ मध्ये नौदलाने ती सक्तीची केली.

वाफेची जहाजे आली, शिडे गेली, पण विशेषणे राहिली. १९०६ मध्ये जॉर्ज सिंपसन यांनी त्यांना जमिनीवरच्या खुणा दिल्या. पाने सतत हलू लागली की जेंटल. धूळ आणि कागदाचे कपटे उडाले की मॉडरेट. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली की फ्रेश, आणि छत्री सांभाळताना नाकी नऊ आले की स्ट्राँग.

आजच्या हवामानखात्यांच्या भाषेत फ्रेश वारा म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर.