लँकेशायरमधील एक फुटबॉल-हंगाम : १८८८–८९

इंग्लंडचा अर्वाचीन इतिहास शिकविता शिकविता माझी पंचवीसांहून अधिक वर्षे गेली. इतक्या काळात १८५० चा कारखान्यांचा कायदा मी किती वेळा समजावून सांगितला असेल, याची गणती नाही. कापडाच्या गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी मुले यांस शनिवारी दुपारी दोन वाजता काम सोडण्याची मुभा त्या कायद्याने मिळाली. आणि ही मंडळी निघून गेल्यावर गिरणी चालविणे कठीण, म्हणून पुरुषांसही ती बहुधा आपोआप लाभली. एवढे सांगून मी पुढच्या कलमाकडे वळत असे. काही वर्षांपूर्वी वर्गातील एका मुलीने मध्येच विचारले, "सर, मग शनिवारी दोननंतर हे लोक करीत काय?" परीक्षेच्या दृष्टीने प्रश्न निरुपयोगी होता, आणि खरे सांगावयाचे तर मला त्याचे उत्तर येत नव्हते.

उत्तर शोधू लागलो तेव्हा दारूचे गुत्ते, प्रार्थनामंदिरे, वाद्यवृंद असे पुष्कळ काही हाती लागले. पण १८८० नंतरच्या लँकेशायरात शनिवारी दुपारी गिरणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या मागोमाग आपण चालू लागलो, तर ती बहुतेक फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकाशी जाऊन थांबते. त्या फाटकाच्या आत १८८८–८९ च्या हंगामात काय घडले, हे सांगण्याचा येथे विचार आहे. विषय खेळाचा दिसला, तरी तो इतिहासाचाच आहे, असे मला वाटते. वाचकांस काय वाटेल ते त्यांनी शेवटी ठरवावे.

प्रेस्टनपासून ब्लॅकबर्न व ॲक्रिंग्टन यांवरून बर्न्लीपर्यंतचा पट्टा अवघा वीसएक मैलांचा. दक्षिणेस बोल्टन, आणि पश्चिमेस समुद्राकाठी लिव्हरपूल. या पट्ट्यातील गावे सूत आणि कापड यांवर जगत. ब्लॅकबर्नच्या मागांवर तर हिंदुस्थानासाठी धोतरे विणली जात. आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांच्या अंगावरचे धोतर कदाचित अशाच एखाद्या मागावरून उतरलेले असेल, आणि तो माग चालविणारा शनिवारी रोव्हर्स संघाच्या नावाने घसा कोरडा करीत असेल. याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते तेही पाहण्याजोगे आहे. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी एवढ्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले. आणि मालकांनी ती मागणी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. म्हणजे मी ज्या हंगामाची हकीकत सांगत आहे त्या हंगामात प्रेस्टनच्या कामगारास रविवार पूर्ण आणि शनिवार अर्धा मोकळा होता, आणि परळच्या कामगारास हक्काचा असा एकही दिवस नव्हता. लँकेशायरचे गिरणीमालक मुंबईच्या गिरण्यांस कायद्याने जखडावे म्हणून विलायतेत ओरड करीत, तीत भूतदया किती आणि स्पर्धेची धास्ती किती, हा प्रश्न निराळा.

फुटबॉल हा खेळ नियमबद्ध केला तो श्रीमंतांच्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी. खेळावे ते हौसेखातर, त्यासाठी पैसा घेणे हलकेपणाचे, असा त्यांचा दंडक. ज्याचे पोट वाडवडिलांच्या ठेवीवर चालते त्यास हा दंडक पाळणे सोपे जाते. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने लंडनला जाऊन ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा २–१ असा पराभव केला आणि राष्ट्रीय चषक गावी आणला. त्या संघात विणकर होते, लोखंडाच्या कारखान्यातील कामगार होते. चषक पुनः दक्षिणेस जाण्यास त्यानंतर पुष्कळ वर्षे लागली. साहजिकच लंडनकरांच्या मनात संशय आला की ही माणसे पैसे घेऊन खेळत असावीत. संशय खोटा नव्हता. १८८४ मध्ये एका लंडनच्या संघाने प्रेस्टनविरुद्ध तशी तक्रार केली, तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंडचे सूत्रधार विल्यम सडेल यांनी आढेवेढे न घेता, होय, आम्ही पैसे देतो, असे सांगून टाकले. प्रेस्टनला स्पर्धेतून काढण्यात आले. पण उत्तरेचे संघ वेगळे होण्याची भाषा बोलू लागताच १८८५ च्या जुलैमध्ये वरिष्ठ मंडळास धंदेवाईक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली.

मान्यता मिळाली आणि नवी अडचण उभी राहिली. पगार दर आठवड्यास द्यावयाचा, पण सामने मात्र लहरीवर. ठरलेला प्रतिस्पर्धी आयत्या वेळी चषकाच्या सामन्यास निघून जाई, आणि तिकिटाचे पैसे घेऊन आलेली गर्दी परत फिरे. बर्मिंगहॅममधील कापडाचे एक स्कॉच दुकानदार विल्यम मॅकग्रेगर हे ॲस्टन व्हिला संघाच्या कारभारात होते. त्यांनी २ मार्च १८८८ रोजी काही प्रमुख संघांस पत्रे धाडली की आपण निवडक संघांनी वर्षारंभीच सामन्यांच्या तारखा बांधून घ्याव्या आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळावे. दुकानदाराचीच ही युक्ती. १७ एप्रिल रोजी मँचेस्टर येथे लीग स्थापन झाली. मोकळे दिवस बावीसच निघाले, म्हणून संघ बारा. सहा मध्य इंग्लंडचे, सहा लँकेशायरचे : प्रेस्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन, बर्न्ली, ॲक्रिंग्टन आणि लिव्हरपूलचा एव्हर्टन. पाच वर्षांपूर्वी चषक जिंकणाऱ्या ऑलिंपिकला या पंक्तीत पाट मिळाला नाही.

८ सप्टेंबर १८८८ रोजी हंगाम सुरू झाला. बोल्टनने पहिल्याच दिवशी डर्बीवर तीन गोल चढविले आणि सामना ६–३ असा गमावला. एव्हर्टनने ॲक्रिंग्टनला २–१ ने हरविले, तेही ॲनफील्डवर. कारण त्या काळी ते मैदान एव्हर्टनचेच होते. पुढच्या शनिवारी ब्लॅकबर्न व ॲक्रिंग्टन या शेजाऱ्यांनी एकमेकांस पाच-पाच गोल दिले. गंमत अशी की, जिंकल्यास किती गुण आणि बरोबरीस किती, याचा निर्णयच अद्याप झाला नव्हता. विजयास दोन व बरोबरीस एक हे ठरले नोव्हेंबरात, हंगाम अर्ध्यावर आल्यावर. माणसे आधी जगतात आणि त्यांचा जमाखर्च कसा मांडावा हे मागाहून ठरते, ही गोष्ट आम्हा इतिहासवाल्यांस नवी नाही.

प्रेस्टनचा संघ मात्र कोणत्याही हिशेबात पहिलाच आला असता. त्यात स्कॉटलंडातून आणलेल्या खेळाडूंचा भरणा होता. एकट्याने चेंडू दामटीत नेण्याऐवजी तो साथीदारांस देत देत पुढे सरकण्याची विद्या या मंडळींनी इंग्लंडास शिकविली, म्हणून लोक त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत. (आमच्या धंद्याचे नाव इतक्या आदराने घेतल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.) सडेल हे गिरणीचे व्यवस्थापक, खेळाडूंस कागदोपत्री गिरणीत नोकरी देऊन प्रत्यक्षात मैदानावर राबविण्याची रीत त्या भागात होतीच. टेबलावर बुद्धिबळाची प्यादी मांडून ते खेळाडूंस डावपेच समजावीत, अशीही हकीकत सांगितली जाते. या संघाने बर्न्लीस ५–२ ने हरवून आरंभ केला आणि ओळीने सहा सामने जिंकले. स्टोकचा संघ तर डीपडेलच्या मैदानावर दोन माणसे कमी घेऊन आला. ती दोन माणसे प्रेस्टननेच आपल्या राखीव खेळाडूंतून उसनी दिली आणि मग सात गोल चढविले.

२० ऑक्टोबरला प्रेस्टन ॲक्रिंग्टनला गेले. ॲक्रिंग्टन हे सहांपैकी सर्वांत लहान गाव, आणि संघही साधा. सामना गोलावाचून बरोबरीत सुटला. बावीस सामन्यांत प्रेस्टनला एकही गोल करता आला नाही असा हा एकच सामना. पुढे बर्न्लीने आपल्या मैदानावर त्यांस २–२ असे अडविले, ब्लॅकबर्ननेही २–२ असेच. बावीस सामन्यांत प्रेस्टनने अठरा जिंकले, चार बरोबरीत सोडविले, एकही हरले नाहीत. आणि त्या चार बरोबऱ्यांपैकी तीन या वीस मैलांच्या पट्ट्यातील शेजाऱ्यांशी झाल्या. उरलेली एक ॲस्टन व्हिलाशी. हा आकडा मला पहिल्याने दिसला तेव्हा मी बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. ज्या संघाने नॉट्स कौंटीला त्यांच्याच गावी ७–० आणि वेस्ट ब्रॉमविचला त्यांच्या गावी ५–० ने लोळविले, त्यास घरच्या भाऊबंदांनी मात्र सहज जाऊ दिले नाही. शेजारच्या गिरणीतला मनुष्य कितीही मोठा झाला तरी तो शेजारचाच. त्याचा दरारा दूरच्यास वाटतो तसा जवळच्यास वाटत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. याहून चांगला अर्थ कोणी लाविल्यास मला तो ऐकावयास आवडेल.

५ जानेवारी १८८९ रोजी नॉट्स कौंटीस ४–१ ने हरविल्यावर लीग प्रेस्टनची झाली. शेवटी त्यांचे गुण ४०, दुसऱ्या क्रमांकाच्या व्हिलाचे २९. ३० मार्च रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनला ३–० ने नमवून चषकही घेतला. त्या स्पर्धेत आरंभापासून अखेरपर्यंत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. लोकांनी त्यांस 'अजिंक्य' म्हटले, आणि पुस्तकांतून हंगामाची कथा येथेच संपते.

परंतु कोष्टक खालपर्यंत वाचावे. ब्लॅकबर्न चौथे, बोल्टन पाचवे. बर्न्ली नववे, म्हणजे शेवटच्या चारांत, आणि म्हणून पुढील वर्षी घ्यावे की नाही याचे मत इतरांनी द्यावयाचे अशा स्थितीत, ते पुनः निवडले गेले. ॲक्रिंग्टन सातवे. सहा विजय, आठ बरोबऱ्या, आठ पराभव. गोल केले ४८, झाले ४८. इतका काटेकोर मध्यमपणा क्वचितच पाहावयास मिळतो. ॲक्रिंग्टनजवळ सडेल नव्हते.

सडेल यांच्याजवळ तरी काय होते, हे १८९५ मध्ये उघडकीस आले. मालकांच्या गिरणीतील पाच हजारांहून अधिक पौंड अपहार केल्याबद्दल त्यांस तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या रकमेतील किती संघावर खर्च झाली आणि किती स्वतःवर, याविषयी त्या वेळीही वाद होता. सुटल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेथे वर्तमानपत्रांत खेळांविषयी लिहू लागले, आणि १९११ मध्ये केपटाऊन येथे वारले. मला या गृहस्थास सरळ चोर म्हणवत नाही. ज्या काळी सर्वच जण छपून पैसे देत होते त्या काळी 'आम्ही देतो' असे उघड म्हणणारा हा एकटा. आणि मग त्यानेच वह्यांत खोटे आकडे लिहावे! त्याच बरोबर हेही विसरता येत नाही की, त्याच्या 'अजिंक्य' संघाशी ०–० असे खेळलेल्या ॲक्रिंग्टनने तो दिवस आपल्या कुवतीतल्या पैशावर काढला होता. त्या ऑक्टोबरातील शनिवारी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समान होते. त्यांच्यामागचे हिशेब समान नव्हते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ऑलिंपिक संघ १८८९ मध्येच मोडला. प्रेस्टनने आणखी एक वर्ष, १८८९–९० मध्ये, लीग जिंकली. त्यानंतर कधीच नाही. एव्हर्टन १८९२ मध्ये ॲनफील्ड सोडून गेले आणि मोठ्या बंदराच्या बळावर मोठे झाले. बर्न्लीने १९२१ व १९६० मध्ये लीग जिंकली. तोवर कापडाचा धंदा बसला होता. १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन येथे जाऊन बेकार विणकरांना भेटले, ती हकीकत आपल्या वाचकांस ठाऊकच आहे; ती माणसे याच मैदानांवर गर्दी करणाऱ्यांची मुले-नातवंडे होत. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९५ मध्ये पुनः लीग जिंकली, ती जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर. आणि २०१० च्या नोव्हेंबरात तो संघ विकत घेतला पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या व्यवसायातील समूहाने. ज्या गावाने आपल्याला धोतरे विकली त्या गावाचा संघ पुण्यास आला. बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात ती सांगितली, तेव्हा मुले हसली. २०१२ मध्ये रोव्हर्स वरच्या वर्गातून खाली उतरले, तेव्हा तिकडच्या प्रेक्षकांनी नव्या मालकांविरुद्ध केवढा कल्लोळ केला, हेही मी पुढे सांगितले. त्या वेळी कोणी हसले नाही.

ॲक्रिंग्टनचे राहिले. १८९३ मध्ये त्यांस दुसऱ्या वर्गात उतरण्याची पाळी आली. उतरण्यापेक्षा त्यांनी लीगच सोडली, आणि १८९६ मध्ये संघ बंद झाला. मूळ बारांपैकी असा नाहीसा झालेला संघ हा एकच. आज ॲक्रिंग्टन स्टॅन्ली नावाने जो संघ खेळतो तो वेगळा. थॉर्नीहोम रोडवरील ते जुने मैदान मात्र आहे. तेथे उन्हाळ्यात गावाचा क्रिकेट-संघ खेळतो.