इंग्रजी वाङ्मय शिकून काय मिळते?

पालकहो, मूल अकरावीत गेले की आपल्या घरांतून इंग्रजीविषयी दोनच प्रश्न निघतात. पास होईल ना? आणि फाडफाड बोलता येईल ना? कोणी इंग्रजी वाङ्मय हा ऐच्छिक विषय घेतो म्हणाले, तर "त्याचा नोकरीला काय उपयोग?" आणि वडीलधाऱ्यांना वेगळीच धास्ती : "गोष्टी-कविता वाचून पोर दीनापासून दूर जाईल." या शंका आजच्या नाहीत.

१८३७ साली कायद्याने कचेऱ्यांतील फारसीची सक्ती उठली आणि फारसी जाणणाऱ्या घराण्यांच्या विद्येची किंमत घसरली. पुढे १८५५ मध्ये सनदी नोकरीसाठी लंडनला खुली परीक्षा सुरू झाली. तिच्यातील गुणांची वाटणी पाहा. इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास मिळून १५०० गुण. अरबीला ३७५ आणि संस्कृतलाही ३७५! गंमत म्हणजे खुद्द ऑक्सफर्डात इंग्रजी वाङ्मयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९४ च्या सुमारास उभा राहिला. आमच्या मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी त्याआधीच शेक्सपिअर-मिल्टन घोकत होते. राज्यकर्त्यांच्या हातून आलेल्या अशा विषयाकडे आपल्या पूर्वजांनी संशयाने पाहिले, यात नवल नाही. मात्र केवळ या संशयामुळे समाज मागे राहिला, हे नेहमीचे विधान मला पटत नाही. फी आणि पुस्तके न परवडणारी घरेही पुष्कळ होती. म्हणूनच बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली.

आता वडीलधाऱ्यांच्या धास्तीविषयी. १८७२ साली जन्मलेल्या, बोहरा व्यापारी कुटुंबातील एका मुलाचे शिक्षण मुंबईत झाले. लहानपणीच त्याने कुरआन शरीफ पाठ केले. पुढे मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात शिकून १८९१ मध्ये तो इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९५ मध्ये सनदी नोकरीत शिरला. हेच अब्दुल्ला युसुफ अली. त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर १९३४ पासून लाहोरला भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याला सहा हजारांहून अधिक टीपा आहेत आणि जोडीला लयबद्ध इंग्रजीत लिहिलेले विवेचन. काही टीपांवर विद्वानांचे मतभेद आहेत, ते असोत. पण शब्दाच्या छटा तोलणे, वाक्याला लय देणे ही कामे व्याकरणाच्या गाइडातून साधत नाहीत. मिल्टनसारख्यांच्या वाचनाने तयार झालेला तो हात होता, आणि तो अखेर कोणत्या कामी आला हे आपल्यासमोर आहे.

विद्यार्थी मित्रहो, ते भाषांतर तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यातील ग्रंथालयात सापडेल. तुम्हाला पाठ असलेली एखादी छोटी सूरह काढा. अपेक्षित प्रश्नसंच तासभर बाजूला ठेवा, शब्दकोश जवळ घ्या आणि युसुफ अलींनी अमुकच इंग्रजी शब्द का निवडला असेल, यावर आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांशी वाद घाला.